संवाद आढळला नाही

३ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस. दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. तिथे कुणी बोलतच नाही.

बातम्यांच्या वाहिनीत सव्वीस वर्षं टेपांचं भांडार सांभाळलं. वाहिनी बंद पडली आणि मी घरी बसलो. आता चौपन्नाव्या वर्षी परक्या गावात, रंगाच्या दुकानावरच्या एका खोलीत येऊन पडलोय, ते कर्णबधिरांच्या या संस्थेतल्या एका वर्षाच्या कामासाठी. संस्थेने बावीस वर्षं आपल्या म्हाताऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं. हातांनी. या भाषेला लिपी नाही, त्यामुळे कुणी काय सांगितलं ते जपायचं तर व्हिडिओ हाच कागद. असे सहा हजार चारशे व्हिडिओ आहेत, सत्तर टेराबाइट भरतील. सगळे तीन जुन्या डिस्कच्या खोक्यांत, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. डिस्क पाच-सात वर्षांत मान टाकते. टेप मात्र नीट ठेवली तर वीस-तीस वर्षं कपाटात निवांत पडून राहते. तर टेपवर लिहिणारं यंत्र, म्हणजे योग्य टेप ड्राइव्ह निवडायची, ती चालवणारं सॉफ्टवेअर निवडायचं आणि सगळं टेपवर उतरवायचं, एवढं माझं काम.

दाराची घंटा वाजत नाही, दिवा उघडझाप करतो. कुणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटतात. दुपारी जेवताना लांब टेबलाभोवती बारा माणसं बसली होती, सगळ्यांचे हात चाललेले. कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि अकरा जण खो खो हसले. बारावा मी.

७ फेब्रुवारी

दुभाषी मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, म्हणजे माझं बोलणं आठवड्यातून दोनदा. मुलगी पंचविशीची, आईवडील दोघेही बहिरे. मला पहिल्याच भेटीत ‘काका’ म्हणाली. बरं वाटलं. समोरचा जे सांगेल ते ती त्याचा ‘मी’ होऊन बोलते. सत्तरीचे अध्यक्ष तिच्या आवाजात ‘माझे गुडघे दुखतात’ म्हणाले तेव्हा मी तिच्याच गुडघ्यांकडे पाहिलं.

दोन वाटा आहेत हे मी अध्यक्षांच्या कानावर घातलं. (‘कानावर घातलं’ लिहिलं आणि हसू आलं. राहू दे.) आहे त्या निधीत एक तर नवव्या पिढीची एकच ड्राइव्ह आणि सोबत भारी सॉफ्टवेअर येईल, जे कुठल्या व्हिडिओत काय आहे याची सगळी नोंद स्वतः ठेवतं आणि शोधूनही देतं. नाही तर आठव्या पिढीच्या दोन ड्राइव्ह, सॉफ्टवेअर साधं, फुकटातलं, नोंदी हातानेच करायच्या. अध्यक्षांनी विचारलं, “तुमचं मत काय?” मी म्हणालो, “बघू. अजून तुलना करायची आहे.”

सूचीचं काम सांभाळणाऱ्या बाईही होत्या. साठीच्या असतील. इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं; त्यांचं नाव म्हणजे डाव्या भिवईवरून बोट फिरवायचं, कारण तिथे लहानपणची जखम आहे. हजेरीपुस्तकात दुसरंच काही लिहिलंय, पण त्या नावाने त्यांना इथे कुणी ओळखत नाही. मी मनात भिवईबाई म्हणतो. त्या तोडून म्हणाल्या, “ड्राइव्ह कुठलीही घ्या, लवकर घ्या.” सव्वीस वर्षं या धंद्यात काढली मी. कुठलीही घ्या म्हणे!

१२ फेब्रुवारी

भिवईबाईंचं माझ्याशी काय वाकडं आहे कळत नाही. माझं टेबल त्यांच्या टेबलाच्या उजव्या अंगाला आहे. सकाळी आलो की मी हात हलवतो. ढुंकून बघत नाहीत. समोर जाऊन उभं राहिलं की मात्र हसतात, जणू मी आत्ताच उगवलोय.

मला काही सांगायचं तर चिठ्ठी लिहितात, जाड काळ्या मार्करने. एकेक अक्षर बोटाएवढं. चार शब्दांत पान संपतं. ‘दिवा मोठा लावा इथे काळोख’ अशी आजची चिठ्ठी. दुपारचे बारा वाजले होते! आणि एवढी मोठी अक्षरं कशाला? मला काय कमी दिसतं?

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला उठतात. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

१६ फेब्रुवारी

रविवार. मुलीचा फोन आला. “बाबा, जेवलास का? माणसं कशी आहेत तिकडची?” मी म्हणालो, “चांगली आहेत.” ती म्हणाली, “आणि?” मी म्हणालो, “आणि काय, चाललंय.”  तिच्याकडे कुणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज ऐकत राहिलो. साडेचार मिनिटं झाली होती.

तिची आई आणि मी वेगळे झालो त्याला सहा वर्षं होतील. जाताना ती म्हणाली होती, तू घरात असून नसतोस. 

२० फेब्रुवारी

तुलनेचा तक्ता एकोणचाळीस ओळींचा झाला. नवव्या पिढीच्या टेपवर अठरा टेराबाइट मावतात. वेष्टणावर मात्र पंचेचाळीस छापलेलं असतं, कारण मजकूर दाबून बसवता येतो असं ते धरून चालतात. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. तो आणखी काय दबणार? आठव्या पिढीची टेप बारा टेराबाइटची, पण मुरलेली, खोड्या माहीत असलेली. नवव्या पिढीची ड्राइव्ह नवी टेप आत गेली की तासभर तिला चाचपत बसते.

दुसऱ्या खोक्यातल्या आठ डिस्कपैकी एकीचा दिवा पहिल्या आठवड्यापासून लाल आहे. एक गेली तरी खोकं चालतं, तशीच त्याची रचना असते. दुसरी जाता कामा नये. त्यातलं सगळं आधी सुट्या डिस्कवर उतरवून घ्यावं असं आज मनात आलं. पण ड्राइव्ह ठरली की तसंही टेपवर न्यायचंच आहे. एकच काम दोनदा कशाला करा? बघू.

२५ फेब्रुवारी

मला खुणेचं नाव मिळालंय हे आज कळलं. बरेच दिवस दिसत होतं की माझ्याकडे बघून कुणीतरी हनुवटीवर दोन बोटं टेकवतं आणि मान दोनदा तिरकी करतं. दाढीबद्दल असेल अशी समजूत होती. धीर करून दुभाषी मुलीला विचारलं.

ती हसू दाबत म्हणाली, “रागावणार नाही ना, काका? ते तुमचं नाव आहे. ‘बघू-बघू’.”

“कुणी ठेवलं?”

तिने डाव्या भिवईवरून बोट फिरवलं. “पण प्रेमाने हं.”

प्रेमाने! खोलीवर येताना एकट्यानेच दोन-तीनदा करून पाहिलं. खूण चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

४ मार्च

भारी सॉफ्टवेअरचा विक्रेता आला होता. तिशीचा, चुणचुणीत, बूट चकाकणारे. अध्यक्ष, कमिटीची पाच माणसं, भिवईबाई, दुभाषी मुलगी असे सगळे पडद्यासमोर बसलो. आधी त्याने स्वतःचा नमुना दाखवला. कुणीतरी भाषण करतोय, आणि शेजारी शब्द न् शब्द आपोआप उमटतोय. मग वरच्या चौकटीत एक शब्द टाकला, तर भाषणातलं बरोबर तेच वाक्य समोर. “बघा सर! हजारो तासांतून एका सेकंदात. माणसाने बसून ऐकायची गरजच नाही.”

मी म्हणालो, “आमचा एक व्हिडिओ लावून बघू या.”

संस्थेच्या जुन्या वसतिगृहातल्या एका आजोबांचा तासाभराचा व्हिडिओ लावला. त्यांनी हातांनी पूर आणला होता, छप्पर उडवलं होतं, गाय वाहून नेली होती, एवढं मलासुद्धा कळत होतं. यंत्राने फिरून फिरून शेवटी लिहिलं: ‘संवाद आढळला नाही.’ खाली सापडलेल्या वस्तूंची यादी दिली: व्यक्ती, खुर्ची, हात, हात, हात.

विक्रेता घामाघूम. “आवाजाची वायर लागली नसेल, सर.”

अध्यक्षांनी शांतपणे हात हलवले. दुभाषी मुलगी म्हणाली, “वायर बरोबर आहे. आम्ही पहिल्यापासूनच असे आहोत.”

सगळी खोली हसली, आणि पहिल्यांदाच मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण खरं लिहायचं तर माझ्या एकोणचाळीस ओळींच्या तक्त्यात ‘बोललेलं आपोआप लिहून काढतं’ यापुढे मीच ठळक बरोबरची खूण केली होती. महिनाभर या माणसांत राहून.

११ मार्च

रिकाम्या टेपांचं नमुन्याचं खोकं मी वाटेत, दाराच्या उजवीकडे ठेवलं होतं. भिवईबाई त्याला अडखळून आडव्या पडल्या. कोपर सोललं. धावत जाऊन उठवलं. खोकं चांगलं गुडघ्याएवढं, पिवळंधमक! माणसाने चालताना जरा बघून चालावं. फोनमध्ये डोकं असेल.

चिठ्ठी लिहून माफी मागितली. त्यांनी चिठ्ठी अगदी नाकाजवळ नेऊन, थोडी डावी-उजवीकडे सरकवत वाचली आणि माझ्या हातावर थोपटलं. मग जाड मार्करने लिहिलं: ‘ड्राइव्ह कधी’.

१४ मार्च

कमिटीतल्या दोघांना अजूनही भारी सॉफ्टवेअरच हवंय. पडदा दिसायला देखणा आहे, देणगीदारांना दाखवता येतो. मीही डळमळीत आहे. ते आपल्याच पद्धतीने टेप लिहितं. उद्या परवाना संपला, कंपनी बुडाली, तर टेप हातात असून वाचता येणार नाही. दुसरीकडे फुकटातलं सॉफ्टवेअर. टेप कुठल्याही मशीनमध्ये घाला, फायली समोर दिसतात, पण नोंदी कोण करणार? सहा हजार चारशे! भिवईबाईंनी आजवर तीन हजार शंभर केल्यात. त्याही माझ्यापाठी टुमणं लावून आहेत, आणि पाच वाजले की निघून जातात.

पुढच्या शुक्रवारी नक्की ठरवतो.

२० मार्च

दुसरं खोकं गेलं.

सकाळी दार उघडलं तर दोन दिवे लाल. आवाज कसला तो. आत कुणीतरी नखाने डबा खरवडतंय असा. इमारतीत तो ऐकू येणारा मी एकटा. कालही येत असेल. परवाही. मी काल दुपारभर तक्ता नीटनेटका करत बसलो होतो.

एक हजार नऊशे व्हिडिओ. वसतिगृहातल्या जुन्या माणसांचे. त्यातली बरीचशी आता नाहीत.

 डिस्क दुरुस्त करणाऱ्यांकडे फोन लावले. खोकं पाठवा म्हणाले, आशा मात्र ठेवू नका म्हणाले. सुट्या डिस्कवर उतरवायला तीन दिवस लागले असते. तीन. मी सेहेचाळीस दिवस इथे आहे.

इथे कुणालाच अजून सांगितलेलं नाही. उद्या शुक्रवार, दुभाषी येईल. चिठ्ठीत लिहायचं धाडस होत नाही.

२१ मार्च

सांगितलं. आडपडदा न ठेवता. लाल दिवा पहिल्या आठवड्यातच पाहिला होता, हेही.  अध्यक्षांचे हात सावकाश हलले. “माझा मोठा भाऊ त्या खोक्यात होता.” एवढंच. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, “मला काढून टाकायचं असेल तर—”

तेवढ्यात भिवईबाईंनी जोरात पाय आपटला आणि बोलू लागल्या. मी खाली मान घातलेली, कानावर फक्त दुभाषी मुलीचा आवाज येत होता: “मला दिसेनासं होत चाललंय. कडेचं दिसतच नाही, अंधार पडला की काहीच नाही. मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणतात एक वर्ष, फार तर दोन.”

सवय झाली होती तरी मी दचकून मुलीकडे पाहिलं. एवढी पोर! आणि मग तिचे डोळे कुणाकडे आहेत ते पाहिलं.

हलवलेला हात. बारा वाजताचा काळोख. पिवळं खोकं. पाच वाजता उठणं. बोटाएवढी अक्षरं. सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं, आणि मी ड्राइव्हच्या तक्त्यात मान खुपसून बसलो होतो. मोठी अक्षरं त्यांनी माझ्यासाठी नव्हती काढली.

त्या पुढे म्हणाल्या, “वसतिगृहातल्या जुन्या खुणा आता मलाच कळतात. तिथली बाकीची माणसं गेली, तरुणांना त्या माहीत नाहीत. माझ्या नोंदी व्हायला हव्यात. म्हणून म्हणत होते, कुठलीही घ्या, पण घ्या.”

मला म्हणायचं होतं की मला ठाऊक नव्हतं. म्हणालो नाही. ठाऊक करून घ्यायला कुणी नको म्हटलं होतं?

अध्यक्षांनी विचारलं, “आज ठरवाल?”

ठरवलं. आठव्या पिढीच्या दोन ड्राइव्ह, फुकटातलं साधं सॉफ्टवेअर. प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची साधी मजकुराची फाइल, तिच्यात भिवईबाईंची नोंद. बोलायला दहा मिनिटं लागली.

२३ मार्च

रविवार. मुलीचा फोन. “आवाज बारीक का येतोय तुझा?” नेहमीप्रमाणे ‘काही नाही’ म्हणणार होतो. म्हणालो, “माझ्याकडून एक मोठी चूक झाली.” आणि सगळं सांगितलं.  शेवटी ती म्हणाली, “बाबा, ती लाल दिव्याची गोष्ट तू त्यांना स्वतःहून सांगितलीस?”

“हो.”

“आईला हे सांगू?”

“नको,” म्हणालो. नंतर वाटलं, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

तेवीस मिनिटं झाली होती.

२ एप्रिल

उरलेली दोन्ही खोकी सुट्या डिस्कवर उतरवून झाली. ड्राइव्हची ऑर्डर गेली. गेलेल्या व्हिडिओंसाठी सगळ्यांनी मिळून कपाटं उपसली. जुन्या डीव्हीडी, कॅमेऱ्याची कार्डं, कुणाच्या तरी पुतण्याकडचा एक पेनड्राइव्ह. दर थोड्या वेळाने कुणीतरी पाय आपटायचं आणि हात वर करून एखादी डीव्हीडी नाचवायचं. एक हजार चारशे त्र्याऐंशी सापडले. दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. म्हणजे चारशे सतरा कायमचे गेले. अध्यक्षांचा भाऊ त्यांतच आहे.

हा आकडा मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. ४१७.

१७ एप्रिल

ड्राइव्ह आल्या. पहिली टेप घातली. ओळखीचा आवाज, सव्वीस वर्षांच्या सहवासातला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच भिवईबाई आल्या, ड्राइव्हवर तळवा टेकवून थांबल्या आणि मान हलवली. बरोबर नाही. मी म्हटलं, यांना काय कळतंय. मग मीही हात ठेवला. खरंच, धडधड मधेच अडत होती. डिस्ककडून मजकूर संथ येत होता, त्यामुळे टेप थांबायची, जरा मागे यायची, पुन्हा पुढे जायची. असं चाललं असतं तर टेप लवकर झिजली असती आणि ड्राइव्हही. आधी वेगवान डिस्कवर भरून तिथून सोडलं, तेव्हा एकसारखं चालू लागलं. भिवईबाईंनी पुन्हा हात ठेवला आणि अंगठा वर केला.

माझ्या कानांनी हे सुटलं होतं. हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

९ मे

सात टेपांवर सगळं मावलं, सात टेपांची दुसरी प्रत. पहिल्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसरीत घालून वाचली, एकेक फाइल मूळ फायलीशी ताडून पाहिली. फरक शून्य. दुसरी प्रत गावातल्या ग्रंथालयाच्या तिजोरीत ठेवायला मी आणि अध्यक्ष चालत गेलो. बावीस वर्षं एका कापडी पिशवीत. अध्यक्षांनी ती वाटभर माझ्याकडे दिली नाही. परतताना मात्र त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि काढून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही असं वाटलं. मीही चालण्याचा वेग कमी केला.

आता मी रोज दुपारी एक तास दुभाषी मुलीने दिलेले धडे गिरवतो. हात जड आहेत. काल मी अध्यक्षांना ‘मला भूक लागली’ऐवजी ‘मला घोडा लागला’ असं काहीतरी सांगितलं म्हणे.

३० मे

भिवईबाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. गेलेल्या चारशे सतरापैकी ज्या हकीकती त्यांना आठवतात, त्या त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगतात. तीन आठवड्यांत त्रेसष्ट झाल्या. प्रत्येक माणसाची लकब घेऊन सांगतात. कुणाचा खांदा उडतो, कुणाचं एक बोट वाकडं. आज अध्यक्षांचा भाऊ सांगितला. अध्यक्ष कॅमेऱ्यामागे माझ्याशेजारी उभे होते. मधेच बाहेर निघून गेले. मी कॅमेरा थांबवला नाही. भिवईबाईंना ते गेल्याचं दिसलं नसणार. ते बाजूने गेले.

१४ जुलै

नळी अरुंद होतेय. पडद्यावरचा माणूस त्यांना आता एका वेळी सगळा दिसत नाही. चेहरा पाहिला तर हात सुटतात. एक व्हिडिओ चार-चारदा लावावा लागतो. आज दुपारी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी शेजारी होतो. काय सांगणार? माझ्याजवळ त्यांच्या भाषेतले पाचशे-सहाशे शब्द, आणि त्यांत यावरचा एकही नाही. माझ्या भाषेत तरी कुठे आहे?

खोलीवर येऊन भात लावला आणि तो खायचा राहिला.

११ ऑगस्ट

आज एक गोष्ट घडली, ती नीट लिहितो.

वसतिगृहातल्या एका आजींचा व्हिडिओ होता. भिवईबाईंनी चारदा प्रयत्न केला आणि हात झटकून उठल्या. मग परत बसल्या, माझे दोन्ही हात धरून आपल्यासमोर घेतले, स्वतःचे तळवे माझ्या हातांवर वरून हलके ठेवले आणि हनुवटीने पडद्याकडे खूण केली. कर. ती करते तसं तू कर.

मी व्हिडिओ अगदी संथ केला आणि आजींचे हात जसे हलतील तसे माझे हलवू लागलो. अर्थ कळत नव्हता. नुसती नक्कल. भिवईबाई डोळे मिटून माझ्या हातांवरून वाचत होत्या. एका जागी त्यांनी माझं मनगट पकडलं, थोडं आत वळवलं आणि ‘पुन्हा’ म्हणाल्या. पुन्हा केलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि त्या मला साध्या खुणांत, अडलं तिथे मार्करने लिहून, अर्थ सांगू लागल्या. मी टाइप करत गेलो. सतरा मिनिटांच्या व्हिडिओला अडीच तास लागले. नोंद झाली.

गेली सहा वर्षं माझे हात कुणी इतका वेळ धरले नव्हते.

२ सप्टेंबर

रोज दोन व्हिडिओ होतात, कधी तीन. हजाराच्या वर बाकी आहेत. संस्थेने माझी मुदत वाढवली. मी न मागता.

आज वसतिगृहातले एक आजोबा होते, अंगाने आडवे, मिश्किल. मी त्यांचे हात करत गेलो: कपड्यांचा ढीग उचलला, बोटांनी काहीतरी मोजलं, ढीग पडला, पुन्हा उचलला, पुन्हा बोटं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ढीग पडला आणि भिवईबाई एकदम हसू लागल्या. केवढं मोठं हसणं! त्यांचं त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला आवर नाही. खालच्या मजल्यावर काच हलली असेल. मला पुन्हा करायला लावलं. पुन्हा हसल्या.

दुभाषी मुलगी आज रजेवर होती. मी विचारलं, काय आहे? त्यांनी समजावलं: धोबी, तोही बहिरा. मला इतकंच कळलं. हसण्यासारखं काय ते कळेना. दोनदा समजावून त्यांनी माझ्या गालावर चापट मारली आणि सोडून दिलं. मी नोंद केली: ‘वसतिगृहातील कपडे धुण्याच्या व्यवस्थेची माहिती.’

३ सप्टेंबर

भिवईबाई आज नव्हत्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तारीख होती. त्यांच्या टेबलाकडे बघत दिवस काढला. दुपारी मेलेलं खोकं आणि रिकाम्या डिस्क भंगारात द्यायला निघालो. दोन्ही हातांत, छातीशी धरलेला ढीग. जिन्याच्या वळणावर अध्यक्ष भेटले. त्यांनी विचारलं, किती व्हिडिओ राहिले?

मी ढीग पायरीवर ठेवला आणि हातांनी सांगितलं: एक हजार एकशे बारा. ढीग उचलला. दोन पायऱ्या उतरलो तर त्यांनी मागून जिना ठोकला: त्यांतले वसतिगृहाचे किती? मी ढीग खाली ठेवला. एक डिस्क घरंगळत गेली. सांगितलं: सगळेच. डिस्क आणली, ढीग उचलला. त्यांनी पुन्हा हात वर केला.

आणि मी जिन्यातच मटकन बसून हसायला लागलो. धोब्याच्या दोन्ही हातांत कपडे! कुणीतरी विचारतं, किती कपडे? उत्तर द्यायला हात मोकळे हवेत, म्हणून ढीग टाकतो. चाळीस, म्हणतो. तोवर ढीग दुसऱ्या ढिगात मिसळतो. पुन्हा मोजतो, उचलतो. पुन्हा कुणीतरी विचारतं, किती?

अध्यक्ष काळजीने वाकून बघत होते. मी डोळे पुसले, उभा राहिलो आणि त्यांना धोबी सांगितला. हात चुकत होते, मनगटं वाकडी होती. तिसऱ्यांदा ढीग पडला तेव्हा ते जिन्याचा कठडा धरून हसले. मग त्यांनी हातांनी विचारलं, हा कुणाचा? मी त्या आजोबांची खूण केली. त्यांनी मान डोलावली, बराच वेळ.

पाच वाजता सगळे गेल्यावर मी ती नोंद उघडली. ‘वसतिगृहातील कपडे धुण्याच्या व्यवस्थेची माहिती’ खोडलं आणि ‘विनोद’ असं लिहिलं. फाइल पुन्हा टेपवर घेतली, दोन्ही प्रतींवर जाईल अशी खूण केली.

उद्या भिवईबाई आल्या की त्यांना सांगायचंय की मला कळला. समोर जाऊन, हात हातांत देऊन.